विवाहस्थळ परगावी, नोंदणी कोठे? : ‘डेस्टिनेशन वेडिंग’साठी कायदेशीर पूर्तता व पूर्वनियोजन

विवाह सोहळा स्वतःच्या गावी न करता एखाद्या समुद्रकिनारी, राजवाड्यात, डोंगराळ तीर्थक्षेत्री किंवा परदेशात करण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत देशभर रूढ झाली आहे. विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांचा विवाह डिसेंबर २०१७ मध्ये इटलीतील टस्कनी प्रांतात झाला. त्यानंतर नोव्हेंबर २०१८ मध्ये दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांनी इटलीतच कोमो सरोवराच्या काठी विवाह केला. या सोहळ्यांनंतर परदेशी विवाहस्थळांविषयीचे कुतूहल वाढीस लागले. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २६ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘मन की बात’ या आकाशवाणीवरील कार्यक्रमात असे सोहळे भारतातच करण्याचे आवाहन केले. पुढच्याच महिन्यात डेहराडून येथील गुंतवणूकदार परिषदेत त्यांनी ‘वेड इन इंडिया’ या शब्दांत त्याचा पुनरुच्चार केला.

उदयपूर, जोधपूर, गोवा, केरळमधील कोवळम व कुमरकोम, उत्तराखंडमधील त्रियुगीनारायण, महाराष्ट्रातील कोकण किनारा, महाबळेश्वर आणि अलिबाग ही नावे आज विवाहस्थळे म्हणून सर्वपरिचित आहेत. स्थळ, सजावट, भोजन आणि वऱ्हाडाची व्यवस्था यांवर अनेक महिने चर्चा होते. मात्र हा विवाह कोणत्या कायद्यानुसार लागणार आणि त्याची नोंद कोणत्या कार्यालयात होणार, हा प्रश्न बहुधा सोहळा पार पडल्यावर विचारला जातो. तोवर उशीर झालेला असण्याचा संभव असतो. विवाहविधी कोठेही करता येतो. नोंदणी मात्र वास्तव्य, कार्यक्षेत्र आणि मुदत या तीन गोष्टींनी बांधलेली असते. म्हणून सभागृहाची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी कायद्याचा मार्ग निश्चित करणे हिताचे ठरते.

विधी आधी की नोंदणी आधी?

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये दिलेला एक निकाल या संदर्भात महत्त्वाचा आहे. दोन वैमानिकांनी २०२१ मध्ये एका संस्थेकडून विवाहाचे प्रमाणपत्र घेतले आणि त्याच्या आधारे हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी करून घेतली. प्रत्यक्ष विधी पुढे सवडीने करण्याचे ठरले होते. ते विधी झालेच नाहीत आणि दोघांत वाद उत्पन्न झाला. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने हा विवाह कायद्याच्या दृष्टीने झालाच नाही, असा निर्णय दिला. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम ७ नुसार वर किंवा वधू यांच्या रूढीप्रमाणे विधी होणे आवश्यक आहे. ज्या रूढीत सप्तपदीचा समावेश आहे, तेथे सातवे पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. कलम ८ खालील नोंदणी हा झालेल्या विवाहाचा पुरावा आहे. न झालेला विवाह केवळ नोंदणीने अस्तित्वात येत नाही.

परगावी विवाह करणाऱ्यांसाठी या निकालाचा अर्थ थेट आहे. परदेशी जाण्यासाठी व्हिसा हवा, सदनिकेसाठी संयुक्त कर्ज हवे अशा कारणांनी ‘आधी नोंदणी उरकून घेऊ, समारंभ सहा महिन्यांनी उदयपूरला करू’ असा विचार अनेक कुटुंबांत होतो. हिंदू विवाह कायद्याखाली असे करता येत नाही. विधी झालेला नसताना तो झाल्याचे निवेदन निबंधकासमोर करणे हेच मुळात असत्य कथन होय.

विशेष विवाह कायदा १९५४ ची रचना वेगळी आहे. या कायद्याखाली विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्या समक्ष वधूवरांनी परस्परांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार केल्याचे शब्द उच्चारले की तोच विवाह ठरतो. त्यासाठी कोणत्याही धार्मिक विधीची गरज नसते. त्यामुळे ज्यांना समारंभापूर्वी प्रमाणपत्र हवे आहे, त्यांच्यासाठी हा सरळ मार्ग आहे. पुढे होणारा सोहळा मग कुटुंबाच्या आनंदाचा व श्रद्धेचा भाग राहतो. कायद्याच्या दृष्टीने विवाहाची तारीख मात्र विवाह अधिकाऱ्यासमोरची असते, निमंत्रणपत्रिकेवरची नव्हे. पुढील सर्व अर्जांत हीच तारीख द्यावी लागते.

थोडक्यात, दोन मार्ग सुरक्षित आहेत. एक, स्वतःच्या जिल्ह्यात विशेष विवाह कायद्याखाली विवाह करून नंतर इच्छित स्थळी सोहळा करणे. दोन, इच्छित स्थळी रूढीप्रमाणे विधिवत विवाह करून त्यानंतर मुदतीत त्याची नोंदणी करणे.

विशेष विवाह कायद्यातील तीस दिवस

विशेष विवाह कायद्याच्या कलम ५ प्रमाणे वधू किंवा वर यांपैकी किमान एकाचे ज्या जिल्ह्यात नोटिशीपूर्वी सलग ३० दिवस वास्तव्य आहे, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याला नियोजित विवाहाची नोटीस द्यावी लागते. नोटीस कार्यालयात ठळक जागी प्रसिद्ध केली जाते. त्या जिल्ह्यात कायम वास्तव्य नसल्यास तिची प्रत कायम वास्तव्याच्या जिल्ह्यातील विवाह अधिकाऱ्याकडेही जाते. प्रसिद्धीपासून ३० दिवसांत आक्षेप घेता येतो. आक्षेप न आल्यास विवाह लागतो. आक्षेप आल्यास विवाह अधिकाऱ्याने ३० दिवसांत चौकशी करून निर्णय द्यावयाचा असतो. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह न झाल्यास ती रद्द होते आणि सर्व प्रक्रिया नव्याने करावी लागते.

उदाहरणार्थ, सोहळा २० डिसेंबरला असेल आणि नोटीस १ ऑक्टोबरला दिली व प्रसिद्ध झाली, तर आक्षेपाची मुदत ऑक्टोबरअखेर संपते. नोव्हेंबर वा डिसेंबरच्या आरंभी विवाह अधिकाऱ्यासमोर विवाह लावता येतो. हीच नोटीस ऑगस्टमध्ये दिली तर डिसेंबरपूर्वी तिची मुदत संपलेली असेल. नोव्हेंबरच्या अखेरीस दिली तर तीस दिवस पूर्ण होण्यापूर्वीच सोहळ्याची तारीख उजाडेल.

कलम १२ नुसार जादा शुल्क भरून विवाह अधिकाऱ्याला कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावरील ठिकाणी बोलावता येते. परंतु त्याचे अधिकार त्याच्या जिल्ह्यापुरतेच असतात. पुण्याचा विवाह अधिकारी उदयपूरच्या हॉटेलात येऊन विवाह लावू शकत नाही. उदयपूरच्या विवाह अधिकाऱ्यासमोर विवाह करावयाचा, तर दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेले असणे आवश्यक आहे. चार दिवसांच्या हॉटेलातील मुक्कामाने ही अट पूर्ण होत नाही.

नोटिशीच्या जाहीर प्रसिद्धीमुळे खासगीपणाचा भंग होतो, अशी तक्रार अनेक वर्षे होत आली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्धी ही जोडप्याच्या इच्छेवर असावी, असा निर्णय दिला. इतर राज्यांत सर्वत्र तशी पद्धत रूढ झाली आहे, असे मात्र समजू नये. कुटुंबाचा विरोध असलेल्या जोडप्यांनी नोटिशीपूर्वी वकिलाचा सल्ला घेणे श्रेयस्कर.

भिन्नधर्मीय जोडप्यांसाठी आणखी एक सूचना आवश्यक आहे. हिंदू विवाह कायदा दोन हिंदूंमधील विवाहास लागू होतो. हिंदू या संज्ञेत येथे बौद्ध, जैन आणि शीख यांचाही समावेश आहे. वधूवरांपैकी एक ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी किंवा परदेशी अहिंदू असेल, तर किनाऱ्यावर सप्तपदी केली तरी तो विवाह या कायद्याखाली वैध ठरत नाही. हिंदू व ख्रिस्ती व्यक्तींच्या अशाच एका विवाहासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. अशा जोडप्यांनी आधी विशेष विवाह कायद्याचा अवलंब करावा. परदेशी नागरिकाला बहुधा विवाहास अडथळा नसल्याचे स्वतःच्या दूतावासाचे प्रमाणपत्र सादर करावे लागते.

वयाच्या अटीतही एक बारकावा आहे. विवाहासाठी वराचे वय २१ व वधूचे १८ वर्षे पूर्ण असावे लागते. परंतु अन्य पद्धतीने आधी झालेला विवाह विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ खाली नोंदवावयाचा असेल, तर नोंदणीच्या वेळी दोघांचेही वय २१ पूर्ण असावे लागते.

राज्य बदलले की मुदत बदलते

सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या प्रकरणात सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. बालविवाह व द्विभार्या यांना आळा, पत्नीचा निर्वाहाचा हक्क आणि विधवेचा वारसाहक्क यांसाठी नोंदणीचा उपयोग होतो, हे त्या वेळी अधोरेखित झाले. त्यानंतर राज्यांनी आपापले नियम केले. ते एकसारखे नाहीत.

महाराष्ट्रात विवाह मंडळे विनियमन आणि विवाह नोंदणी कायदा १९९८ नुसार विवाहानंतर ९० दिवसांत विहित नमुन्यातील निवेदन विवाह निबंधकाकडे द्यावे लागते. महानगरपालिका क्षेत्रात हे काम प्रभाग कार्यालयात, तर गावी ग्रामपंचायतीत होते. दिल्लीत ही मुदत ६० दिवसांची, तर राजस्थानात ३० दिवसांची आहे. केरळमध्ये २००८ च्या नियमांनुसार ४५ दिवसांत, ज्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत विवाह झाला तेथील निबंधकाकडे नोंदणी करावयाची असते. म्हणजे नागपूरच्या जोडप्याने कोवळमला विवाह केला, तर नोंदणीचे कार्यालय नागपुरात नसून कोवळम ज्या स्थानिक संस्थेत येते तेथे आहे. परतीचे तिकीट काढण्यापूर्वी हे ठाऊक असले पाहिजे.

उत्तराखंडात समान नागरी संहिता २७ जानेवारी २०२५ पासून अमलात आली. वधूवरांपैकी किमान एक जण त्या राज्याचा रहिवासी असल्यास विवाह राज्यात होवो वा राज्याबाहेर, ६० दिवसांत नोंदणी बंधनकारक आहे. रुद्रप्रयाग जिल्ह्यातील त्रियुगीनारायण मंदिरात शिव-पार्वतीचा विवाह झाला अशी श्रद्धा असल्याने तेथे विवाहासाठी देशभरातून जोडपी येतात. मंदिराची पावती हा विधी झाल्याचा एक पुरावा असू शकेल. शासकीय नोंदणीची जागा ती घेत नाही.

मुदत उलटली तर विवाह अवैध होत नाही. मात्र विलंब शुल्क, प्रतिज्ञापत्रे आणि हेलपाटे वाढतात.

गोव्याचा वेगळा कायदा

मराठी कुटुंबांचे सर्वांत जवळचे आणि आवडते विवाहस्थळ म्हणजे गोवा. तेथील कौटुंबिक कायदा उर्वरित देशाहून निराळा आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या कायद्याने जुने कायदे पुढे चालू ठेवण्यात आले. या व्यवस्थेत नागरी निबंधकासमोर दोन टप्प्यांत विवाह नोंदवला जातो. प्रथम विवाहाच्या इराद्याचे निवेदन, त्यानंतर साधारण १५ दिवसांच्या जाहीर नोटिशीची मुदत आणि मग साक्षीदारांसमक्ष अंतिम स्वाक्षऱ्या. चर्चमधील विवाहासाठी नागरी निबंधकाचे ना हरकत पत्र धर्मगुरूंकडे द्यावे लागते.

गोव्याच्या अधिवासी दांपत्याने विवाहापूर्वी नोंदणीकृत करार केला नसेल, तर सर्वसाधारणपणे दोघांच्या मालमत्तेवर समाईक हक्क निर्माण होतो. गोव्याच्या अधिवासी व्यक्तीच्या गोव्याबाहेरील, पण भारतातील मालमत्तेच्या वारसाहक्कालाही हाच कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केले. वधूवरांपैकी एक जण गोमंतकीय असल्यास या विषयावर विवाहापूर्वीच सल्ला घ्यावा. करार विवाहानंतर करून चालत नाही. दोघेही गोव्याबाहेरचे असतील आणि केवळ सोहळ्यासाठी तेथे जाणार असतील, तर आपल्या जिल्ह्यात आधी विशेष विवाह कायद्याखाली विवाह करणे हा निर्वेध मार्ग होय. विधी गोव्यात करून घरी नोंदणी करावयाची असल्यास कोणते पुरावे लागतील, याची विचारणा आपल्या निबंधकाकडे आधीच करावी.

परदेशातील विवाह

परदेशात विवाह करू इच्छिणाऱ्या भारतीयांसाठी विदेशी विवाह कायदा १९६९ आहे. वधूवरांपैकी किमान एक भारतीय नागरिक असल्यास त्या देशातील भारतीय दूतावासाच्या विवाह अधिकाऱ्यासमोर विवाह करता येतो. येथेही दोघांपैकी एकाचे त्या देशात नोटिशीपूर्वी किमान ३० दिवस वास्तव्य हवे आणि त्यानंतर आक्षेपांसाठी ३० दिवसांची मुदत असते. आठवड्याभराच्या पर्यटक व्हिसावर जाणाऱ्यांना हा मार्ग व्यवहार्य नाही. त्या देशाच्या कायद्याप्रमाणे झालेल्या विवाहाची नोंद कलम १७ खाली भारतीय दूतावासात करता येते. मात्र वय, पूर्वविवाह नसणे आणि निषिद्ध नाते नसणे या भारतीय कायद्याच्या अटी पूर्ण व्हाव्या लागतात.

प्रत्येक देशाच्या अटी निरनिराळ्या आहेत. थायलंडमध्ये विवाहाची कायदेशीर नोंद जिल्हा कार्यालयात होते. त्यासाठी विवाहास मोकळे असल्याचे स्वतःच्या दूतावासाचे पत्र, त्याचे थाई भाषांतर आणि त्यावर तेथील परराष्ट्र मंत्रालयाचे प्रमाणीकरण लागते. फुकेतच्या किनाऱ्यावरील मंडपातील विधी आणि ही नोंद या दोन स्वतंत्र बाबी आहेत. बाली बेट ज्या इंडोनेशियात आहे, तेथील १९७४ च्या विवाह कायद्यानुसार विवाह धर्मविधीनेच वैध होतो. त्यामुळे भिन्नधर्मीय जोडप्यांना तेथे कायदेशीर विवाह करणे कठीण जाते. इटलीत विवाहास अडथळा नसल्याचे ‘नुल्ला ओस्ता’ हे प्रमाणपत्र द्यावे लागते. अबू धाबीत २०२१ च्या कायद्याने मुस्लिमेतरांसाठी नागरी विवाहाची सोय झाली.

परदेशात मिळालेले प्रमाणपत्र भारतात, किंवा भारतातील प्रमाणपत्र परदेशात वापरावयाचे असल्यास त्यावर ‘अपोस्टिल’ ही आंतरराष्ट्रीय मोहोर लागते. या संबंधीच्या १९६१ च्या हेग कराराची अंमलबजावणी भारतासाठी १४ जुलै २००५ पासून सुरू झाली. भारतीय कागदपत्रांवर ही मोहोर परराष्ट्र मंत्रालयाकडून मिळते. जे देश या कराराचे सदस्य नाहीत, त्यांच्यासाठी दूतावासाकडून स्वतंत्र साक्षांकन करावे लागते.

या सर्व खटाटोपाचा विचार करता, परदेशी सोहळा करणाऱ्या बहुतेक कुटुंबांसाठी भारतात विशेष विवाह कायद्याखाली विवाह आणि परदेशात केवळ समारंभ ही रीत सोयीची आहे. जोडीदार परदेशी असल्यास नोंदणीचे महत्त्व अधिकच वाढते. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्डासाठी अर्ज करताना विवाह नोंदणीकृत असणे आणि तो सलग दोन वर्षे टिकलेला असणे आवश्यक असते.

सोहळ्यासाठी लागणाऱ्या परवानग्या

विवाहाची वैधता निश्चित झाल्यानंतर स्थळासंबंधीच्या परवानग्यांचा विचार करावा. त्या काढण्याचे काम आयोजक वा हॉटेल करत असले, तरी परवान्याची प्रत कुटुंबाकडे असावी.

ध्वनी : ध्वनी प्रदूषण नियम २००० अनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. वर्षातील काही ठरावीक दिवशी राज्य शासन ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. ती सवलत खासगी विवाहासाठी मागता येत नाही. संगीताचा कार्यक्रम रात्री दहानंतर चालणार असल्यास बंदिस्त सभागृहाची व्यवस्था हवी.

संगीताचे हक्क : कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी, वरात आणि विवाहाशी संबंधित सामाजिक समारंभांतील संगीतवादनास सूट आहे. केंद्रीय उद्योग संवर्धन विभागाने जुलै २०२३ मध्ये याचे स्मरण करून देणारी सूचना काढली. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेले याच विषयावरील परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले. कायद्यातील सूट कायम आहे. तिची व्याप्ती मात्र प्रत्येक कार्यक्रमाच्या स्वरूपावर ठरेल. म्हणून परवाना शुल्काची मागणी आल्यास ती कोणी भरावी, हे करारातच लिहून घ्यावे.

किनारे आणि वास्तू : समुद्रकिनाऱ्यावर मांडव घालण्यास किनारपट्टी नियमन क्षेत्राचे निर्बंध लागू होतात. गोव्यातील मोरजी, आगोंद व गालजीबाग येथे सागरी कासवे अंडी घालतात. तेथे प्रखर दिवे व गोंगाट यांवर कडक बंधने असतात. केंद्र संरक्षित स्मारकात केंद्र सरकारच्या लेखी परवानगीशिवाय स्वागत समारंभ वा मेजवानी करता येत नाही. किल्ला किंवा लेणी पार्श्वभूमीस हवी असल्यास ती स्मारके कोणाच्या अखत्यारीत आहेत, हे प्रथम पाहावे.

मद्य व भोजन : मद्य देण्यासाठी संबंधित राज्याच्या उत्पादन शुल्क विभागाचा तात्पुरता परवाना लागतो. गुजरात व बिहारमध्ये दारूबंदी आहे. गोव्यात विकत घेतलेली दारू परवान्याविना महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे. याची कल्पना परतणाऱ्या पाहुण्यांना द्यावी. आचारी किंवा केटररकडे अन्न सुरक्षा कायदा २००६ खालील परवाना असल्याची खात्री करावी.

ड्रोन : छायाचित्रणासाठी ड्रोन उडवताना ड्रोन नियम २०२१ लागू होतात. नकाशावरील लाल क्षेत्रात केंद्राच्या परवानगीविना उड्डाण करता येत नाही. विमानतळ व लष्करी ठाण्यांजवळील हॉटेलांबाबत ही अडचण हमखास येते.

पाहुणे : परदेशी पाहुण्यांची माहिती हॉटेलाने शासनाला कळवावी लागते. त्यासाठी पारपत्र व व्हिसा यांच्या प्रती आधीच गोळा कराव्यात. अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम व मणिपूर येथे जाण्यासाठी भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. लक्षद्वीपलाही परवानगीविना जाता येत नाही.

करार, पैसे आणि आहेर

२०२० मध्ये कोविड टाळेबंदीमुळे असंख्य विवाह रद्द झाले आणि आगाऊ रकमांचे वाद उभे राहिले. त्या अनुभवानंतर लेखी कराराचे मोल सर्वांना पटले. करारात एकूण रक्कम, हप्ते, कर, खोल्यांची संख्या, तारीख बदलण्याची अट, रद्द केल्यास परत मिळणारी रक्कम आणि नैसर्गिक आपत्ती वा शासकीय बंदी आल्यास काय होईल, हे स्पष्ट असावे. ‘आगाऊ रक्कम परत मिळणार नाही’ असे एकच वाक्य असलेली पावती म्हणजे करार नव्हे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने एक मोठी सोय केली आहे. तक्रारदार स्वतः जेथे राहतो, तेथील ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे सोलापूरच्या कुटुंबाला जोधपूरच्या हॉटेलाविरुद्ध दाद मागण्यासाठी जोधपूरला जावे लागत नाही.

रोख व्यवहारांबाबतही सावध राहावे. प्राप्तिकराच्या २०१७ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार एका प्रसंगाशी संबंधित व्यवहारांत एका व्यक्तीकडून दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. मांडव, भोजन आणि सजावट यांच्या पावत्या वेगळ्या केल्या, तरी घेणारा एकच आणि प्रसंग एकच असल्यास ही मर्यादा लागू होते.

हुंडा देणे व घेणे हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. स्वेच्छेने दिलेल्या भेटींची यादी ठेवण्याविषयी १९८५ चे नियम आहेत. वधूला व वराला मिळालेल्या वस्तू, त्यांचे अंदाजे मूल्य आणि देणाऱ्याचे नाव यांची यादी करून त्यावर स्वाक्षऱ्या घ्याव्यात. परगावी सोहळ्यात दागिने व आहेर प्रवासात असतात. अशा वेळी ही यादी विम्यासाठीही उपयोगी पडते.

कालक्रम

साधारण एक वर्ष आधी : कायद्याचा मार्ग, ऋतू आणि स्थळ निश्चित करावे. कोकण व गोव्यात जून ते सप्टेंबर पावसाळा असतो. राजस्थानात एप्रिल ते जून कडक उन्हाळा असतो. तुळशीविवाहानंतरच्या मुहूर्तांना मागणी अधिक असल्याने खोल्यांचे दर चढे असतात.

सहा महिने आधी : कागदपत्रे तपासावीत. आधार, पारपत्र आणि जन्मदाखला यांवरील नावात एका अक्षराचाही फरक असल्यास तो आताच दुरुस्त करावा. घटस्फोटितांनी न्यायालयाचा हुकूमनामा आणि अपिलाची मुदत संपल्याची खात्री, तर विधवा-विधुरांनी जोडीदाराचे मृत्यू प्रमाणपत्र जवळ ठेवावे.

अडीच ते दोन महिने आधी : विशेष विवाह कायद्याचा मार्ग असल्यास नोटीस द्यावी. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. वऱ्हाडासाठी ही तारीख टिपून ठेवावी.

एक महिना आधी : परवान्यांच्या प्रती, तीन साक्षीदारांची नावे व ओळखपत्रे निश्चित करावीत. साक्षीदार असे निवडावेत की जे नोंदणीच्या दिवशीही हजर राहू शकतील.

सोहळ्याच्या दिवशी : महाराष्ट्रातील नोंदणी निवेदनावर विवाह लावणाऱ्या पुरोहिताची स्वाक्षरी लागते. विवाह उदयपूरला लागला आणि नोंदणी ठाण्यात करावयाची असेल, तर मंडप सोडण्यापूर्वी गुरुजींची स्वाक्षरी, नाव, पत्ता आणि ओळखपत्राची प्रत घ्यावी. घरी परतल्यावर एका स्वाक्षरीसाठी शेकडो किलोमीटर जाण्याची वेळ येऊ नये. सप्तपदी, मंगळसूत्र व वरमाला यांची स्पष्ट छायाचित्रे आणि निमंत्रणपत्रिकेच्या काही प्रती जपून ठेवाव्यात.

परतल्यावर : मुदतीची वाट न पाहता पहिल्याच पंधरवड्यात नोंदणी करावी आणि प्रमाणपत्राच्या अधिक प्रमाणित प्रती घ्याव्यात.

विवाहाचे प्रमाणपत्र सुखाच्या दिवसांत क्वचितच आठवते. जोडीदाराचा व्हिसा, कुटुंब निवृत्तिवेतन, विम्याचा दावा, वारसाहक्क किंवा निर्वाहाचा प्रश्न उभा राहतो, तेव्हा प्रथम तोच कागद मागितला जातो. त्या वेळी त्याच्या अभावाचा सर्वाधिक फटका बहुधा पत्नीला बसतो. राज्यांचे नियम व शुल्क यांत वेळोवेळी बदल होत असतात. म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी स्वतःच्या जिल्ह्यातील विवाह निबंधक आणि विवाहस्थळाचे निबंधक, अशा दोन्ही कार्यालयांत प्रत्यक्ष चौकशी करूनच पुढील पाऊल टाकावे.